मदत हवी आहे: इंदूरचा राजवाडा, सोबत आई

डिसेंबरमध्ये आईला घेऊन दोन दिवस इंदूरला जातोय. आईचं माहेर होळकरांना मानणारं, त्यामुळे राजवाडा बघितल्याशिवाय ती परत यायची नाही. वाडा सात मजली, खालचे तीन दगडी आणि वरचे लाकडी, १९८४ च्या आगीत बराच जळला आणि नंतर पुन्हा उभा केला, एवढं ठाऊक आहे. अडचण आईच्या गुडघ्यांची. दहा पायऱ्या चढली की ती कठडा धरून "तू हो पुढे" म्हणते!

आत मल्हारी मार्तंडाच्या देवळापर्यंत जायला किती पायऱ्या आहेत? वरचे मजले बघायला सोडतात का? नाहीतर समोरच्या बागेत अहिल्याबाईंच्या पुतळ्यापाशी तिला बसवता येईल, पण दुपारी तिथे सावली असते का? कृष्णपुरा छत्र्यांपर्यंत (होळकरांची स्मारकं) चालवेल तिला, की रिक्षाच बरी?

आणि सराफा. सोन्याची दुकानं बंद झाल्यावर खाऊगल्ली सुरू होते, म्हणजे साधारण किती वाजता? आई नऊला झोपते. गराडू (तळलेला मसालेदार कंद) मात्र मला सोडायचं नाहीये. राहायला राजवाडा चौकाजवळ बरं की लांब? नुकतं कुणी ज्येष्ठांना घेऊन गेलं असेल तर जरूर सांगा.