विषय: बुधवारच्या पत्राला लेटरहेड – आज रात्रीपर्यंत हवं

सचिव:
मंडळी, बुधवारी संध्याकाळी लीसबर्गला (लाउडन काउंटी, व्हर्जिनिया) काउंटीच्या बोर्डासमोर सुनावणी. शाळेमागचा तोच प्लॉट, तिथे डेटा सेंटर उभारायचा अर्ज आहे. प्लॅनिंग कमिशनने नकाराची शिफारस केली आहे, पण मतदान करणाऱ्या बोर्डाच्या सदस्यांकडे, म्हणजे सुपरवायझरांकडे, अर्जदाराचे वकील रोज खेटे घालताहेत म्हणे. आपल्या मंडळाचं विरोधाचं पत्र जायचं ठरलं होतं, मजकूर तयार आहे. लेटरहेडची फाईल खजिनदारांकडे आहे, कृपया आज पाठवा. बोलायला कोण येतंय तेही कळवा.

खजिनदार:
"ठरलं" नव्हतं, "चर्चा झाली". मिनिट्स मीच लिहिली आहेत. आपण 501(सी)(3), म्हणजे करमाफ धर्मादाय संस्था आहोत. या भानगडीत पडलो आणि करसवलत गेली, तर देणगीदारांना पावत्या कसल्या देणार? लेटरहेड मिळणार नाही.

नाना:
खजिनदारसाहेब, गल्लत होतेय. पूर्ण बंदी आहे ती निवडणुकीतल्या उमेदवाराच्या प्रचारावर. कायद्यावर, ठरावावर मत मांडणं वेगळं. ते लॉबिंग, आणि ते मर्यादेत चालतं. करखात्याचा फॉर्म 5768 भरला की मर्यादा थेट आकड्यात मिळते: वर्षाच्या पहिल्या 5 लाख डॉलर खर्चाच्या 20 टक्के. आपला खर्च काय, एक तिकीट आणि एक पाकीट! हा फॉर्म भरा म्हणून मी अध्यक्ष असतानाच सांगत होतो.

खजिनदार:
तुमच्या कारकिर्दीचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो, त्या वर्षीचे हिशेब मी पुढे चार महिने निस्तरत होतो.

भाऊ:
इतके दिवस गप्प होतो. पण विरोधाचं पत्र "मंडळाचं" कसं? मी मंडळात आहे आणि माझं पोट डेटा सेंटरवर आहे. या लिस्टवरच्या निम्म्या लोकांचं आहे, फक्त ते क्लाऊड म्हणतात. घरपट्टीचा दर बघा: 2024 ला 100 डॉलरमागे 86.5 सेंट, 2025 ला 80.5. काउंटी त्या इमारतींतल्या सर्व्हरवर कर लावते, म्हणून हे परवडतं. शाळांना पैसा कुठून येतो वाटतं?

वहिनी:
भाऊ, दर उतरला, पण घराची किंमत चढवून ठेवली, माझं बिल वाढलंच. आणि तुम्ही राहता कुठे, आम्ही राहतो कुठे! आमच्या मागच्या अंगणापासून हाकेच्या अंतरावर एक आहे. छतावरच्या पंख्यांची घरघर रात्रंदिवस. पहिले दोन आठवडे मला वाटलं आमचा फ्रीज गेला. मेकॅनिक आला, शंभर डॉलर घेऊन म्हणाला, फ्रीज ठणठणीत आहे, खिडकी उघडून बघा. डिझेल जनरेटरची चाचणी असते त्या दिवशी तर अंगणात बसायची सोय नाही.

दादा:
वहिनी, मेकॅनिक प्रामाणिक दिसतोय. नंबर पाठवाल का? आमचा खरंच बिघडलाय.

नाना:
फ्रीज बाजूला ठेवा. मुद्दा असा की ही सुनावणी होतेय हेच नशीब. मार्च 2025 पर्यंत लाउडनमध्ये योग्य झोनिंगची, म्हणजे काउंटीने तशा वापराला ठरवून दिलेली, जागा असली की डेटा सेंटरला बोर्डासमोर यावंच लागत नव्हतं. आता नव्या अर्जांवर मतदान होतं, म्हणून सुपरवायझर नाही म्हणू तरी शकतात. आणि कागदपत्रं जपा. शेजारच्या प्रिन्स विल्यममध्ये डिसेंबर 2023 ला मनॅससच्या यादवी युद्धातल्या रणभूमीलगतच्या सुमारे 2,100 एकरांवरच्या डेटा सेंटरांसाठी 27 तास सुनावणी चालली. आमचे साडू पहाटे बोलले. 4 विरुद्ध 3 मतांनी मंजुरी मिळाली. पण सुनावणीच्या नोटिसा नियमाप्रमाणे छापल्या नव्हत्या, म्हणून ऑगस्ट 2025 मध्ये कोर्टाने सगळं रद्द केलं. एवढ्या वकिलांच्या गर्दीत जाहिरात चुकली! तेव्हा कोणीतरी प्लॉटवरच्या सुनावणीच्या पाटीचा तारखेसकट फोटो काढा.

भाऊ:
नाना, म्हणजे तुमचा भरवसा काउंटीच्या चुकीवर?

नाना:
भरवसा कुणावरच नाही. म्हणून फोटो.

सचिव:
फोटो मी काढते, शाळेला जातेच आहे. लेटरहेड राहू दे. ज्याला पटतं त्याने आपल्या नावाने, आपल्या पत्त्यासह पत्र पाठवावं. सुपरवायझरला मतदारसंघातला पत्ताच दिसतो. खाली "मंडळाचे सदस्य" लिहायला हरकत नसावी?

खजिनदार:
हरकत आहे. "रहिवासी" लिहा. मी स्वतः रहिवासी म्हणून विरोधाचं पत्र कालच पाठवलंय.

सचिव:
हे आधी सांगितलं असतंत तर दोन दिवस वाचले असते. बरं, बुधवारी गाडी कोण काढतंय?

भाऊ:
मी. मी अर्जाच्या बाजूने बोलणार आहे हे आधीच सांगतो. तीन जागा आहेत.

वहिनी:
मला सव्वापाचला घ्या, दारातच उभी असेन. दोन मिनिटं आधी आलात तर मागच्या अंगणात या, घरघर ऐकवते. दादा, नंबर वेगळा पाठवलाय.