"जुनी गाडी ऑइल पिणारच" म्हणणाऱ्यांसाठी

पोवईनाका_११

परवा इथंच एकानं ठणकावून लिहिलं : "लाखभर किलोमीटर झालेली गाडी ऑइल पिणारच. हजारला पाऊण लिटर म्हणजे नॉर्मल. डिकीत डबा ठेवायचा, कमी झालं की ओतायचं. गॅरेजवाल्याच्या नादी लागलात की इंजिन उघडलंच म्हणून समजा." खाली ढीगभर अंगठे. ते अंगठे बघून जास्त चिडलो.

हजारला पाऊण लिटर नॉर्मल नाही. काही कंपन्या मॅन्युअलात हजार किलोमीटरला लिटरभर चालतं असं छापतात, माहीत आहे. ती वॉरंटीत भांडण नको म्हणून मारून ठेवलेली रेघ आहे, इंजिन ठणठणीत असल्याचा दाखला नाही. छोट्या गाडीच्या चेंबरात ऑइल मावतं तीन-साडेतीन लिटर. पट्टीवरच्या वरच्या आणि खालच्या खुणेत अंतर साधारण लिटरभराचं. म्हणजे साताऱ्याहून मुंबईला जाऊन आलात आणि पुढचे काही आठवडे इकडंतिकडं फिरलात की पट्टी तळाला. आणि ज्यांचा भरवसा डॅशवरच्या लाल दिव्यावर आहे त्यांनी ऐका : बहुतेक गाड्यांत तो दिवा प्रेशरचा असतो, पातळीचा नाही. तो पेटतो तेव्हा बेअरिंगांची वाट लागायला सुरुवात झालेली असते.

ऑइल एकतर गळतं नाहीतर जळतं. रात्री गाडीखाली पुठ्ठा टाका. सकाळी डाग दिसला तर टॅपेट कव्हरचं पॅकिंग, चेंबरचं पॅकिंग, नाहीतर क्रँकचं मागचं सील. डाग नसेल तर धुराकडं बघा. रात्रभर उभी गाडी सकाळी चालू करताना निळा धूर सोडते आणि मग गप्प बसते? व्हॉल्व सील. पाचगणीहून पसरणी घाट गिअरमध्ये, ॲक्सिलरेटरवरचा पाय काढून उतरा, वाई जवळ आली की दाबा, मागच्या गाडीत मित्राला बसवा. तेव्हा ढग निघाला तरी संशय सीलवरच. चढाला, लोडवर एकसारखा निळा धूर असेल तर पिस्टनच्या रिंगा. आणि धूर फारसा नाही तरी ऑइल जातंय, तर आधी पीसीव्ही व्हॉल्व बघा, म्हणजे इंजिनातली वाफ परत आत ओढून घेणारी झडप. किरकोळ किमतीची वस्तू, ती चोंदली म्हणून इंजिन बांधून घेतलेले लोक आहेत.

सीलला काही हजार लागतात, रिंगांना चाळीस-पन्नास हजार. आपल्याला कुठलं दुखणं आहे हेच न बघता ओतत बसायचं, आणि वर लोकांना उपदेश!

कृष्णाकाठ

तो "एकानं" म्हणजे मीच. नाव घेऊन लिहिलं असतं तरी चाललं असतं साहेब, सांगलीकर लाजत नाहीत.

आता हिशोब ऐका. माझी पेट्रोल गाडी एक लाख साठ हजार रुपयांना घेतलेली. वर्षाला आठ हजार किलोमीटर पळते. तुमच्याच भाषेत हजारला पाऊण, म्हणजे वर्षाला सहा लिटर. लिटर साडेचारशेनं धरा, सत्तावीसशे रुपये. इंजिनचं काम पन्नास हजार. हे पैसे वसूल व्हायला अठरा वर्षं लागणार! गाडी टिकेल का तोवर? मी टिकलो तरी पुष्कळ. ज्याच्या दारात नवी गाडी उभी आहे त्यानं पसरणी घाटात धूर बघत फिरावं. आम्हाला पोरगीला क्लासला सोडायचंय.

माणदेशी_डिझेल

एवढा निबंध कशाला? २०डब्ल्यू-५० हे दाट ऑइल घाला, विषय संपला. आमच्या ट्रॅक्टरात इतकी वर्षं दाट ऑइलच चालतंय, गाळप हंगामात ऊस वाहतोय, कुठं काय झालंय? ही पाण्यासारखी ऑइलं कंपन्यांनी ॲव्हरेज दाखवायला आणलीत.

गॅरेजवाला_शेंद्रे

माणदेशी, ट्रॅक्टरचं इंजिन वेगळं, त्यातल्या फटी वेगळ्या. शून्य-डब्ल्यू-वीस या पातळ ऑइलवर चालणाऱ्या आजच्या पेट्रोल इंजिनात ५० नंबर ओतलं की थंडीत सकाळी वरपर्यंत ऑइल चढायलाच वेळ लागतो, तेवढा वेळ कॅम कोरडा. जुनं, झिजलेलं इंजिन असेल तर एक पायरी दाट घालून काही दिवस ढकलता येतात, ते मीही करतो. पण गिऱ्हाइकाला सांगून करतो. विकणारे न सांगता करतात. दाट ऑइल नाहीतर ॲडिटिव्ह घालून धूर दाबायचा, गाडी खपवायची, आणि पहिल्या सर्व्हिसला योग्य ग्रेड पडली की धूर बाहेर. मग शिव्या आम्हाला.

आणि कृष्णाकाठ, "गॅरेजवाल्याच्या नादी लागू नका" हे वाक्य खटकलं. गेल्या हिवाळ्यात एक डिझेल आली, १.३ मल्टिजेट इंजिनाची, एका डीलरकडून घेतलेली. मालक तुमच्याच विचाराचा, ओतणारा. एकदा ओतायचं विसरला. त्या इंजिनात टायमिंग चेन ऑइलच्या प्रेशरवर ताणलेली राहते. प्रेशर बसलं, चेन सैल झाली, सकाळी चालू करताना खडखड. पट्टी बाहेर काढली तर टोकाला ओल लागलेली, बाकी कोरडी ठणठणीत. तुमच्या सत्तावीसशेच्या हिशोबात हा विसरण्याचा खर्च कुठं धरलाय?

माझ्याकडं गाडी आली की मी इंजिन उघडत नाही. प्लग काढून बघतो, कुठल्या सिलिंडरचा ओला आहे. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजून घेतो. कमी आलं तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून परत घेतो. वाढलं तर रिंगा, नाही वाढलं तर व्हॉल्व. पेट्रोलला हे अर्ध्या-पाऊण तासाचं काम.

जाता जाता : एमएच-१० पासिंगची गाडी आली तर त्याच्याही आधी मी सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघतो. समजणाऱ्याला समजलं.

आयर्विन_५७

समजलं की! न समजायला काय झालं?

म्हणजे एमएच-१०, सांगलीचं पासिंग, दिसलं की गाडी पुरातलीच, बेल्टच्या आत गाळ शोधायचा, असं ना? आरं मर्दा, २०१९ ला सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी ४५. गावभाग, मारुती चौक पाण्याखाली होते. पण विश्रामबागेतल्या गाड्या काय पोहत होत्या? एमएच-१० म्हणजे अख्खा जिल्हा. जत, आटपाडीला टँकरनं पाणी येतं, तिथली गाडी पुरात बुडाली म्हणणाऱ्याला काय म्हणावं?

माझी स्वतःची गाडी गेली त्या पुरात. पाणी उतरल्यावर दार उघडलं तर सीटवर बोटभर गाळ, ग्लोव्ह बॉक्समध्ये पाणी, डिपस्टिकवर दुधाळ चहासारखं काहीतरी. मी चावी लावली नाही. विम्यावाला म्हणाला टोटल लॉस. पैसे मिळाले, गाडी लिलावात गेली. पुढं कुठं गेली विचारू नका. ती सांगलीत विकली गेली नाही एवढं नक्की, कारण सांगलीत असली गाडी कोण घेणार? सगळ्यांना वास ओळखता येतो. असल्या गाड्या बाहेरगावचे एजंट उचलतात, धुऊन पुसून विकतात तुमच्यासारख्यांना. आणि नाव आमचं बद्दू.

गॅरेजवाला_शेंद्रे

दादा, तुम्ही चावी लावली नाही हे शहाणपण. लावली असती तर सिलिंडरात पाणी असताना कनेक्टिंग रॉड वाकला असता. पण लावणारे पुष्कळ असतात. आणि नाही लावली तरी पाणी आत राहून बोअरला गंज धरतो, रिंगा खोबणीत चिकटतात. ती गाडी नंतर ऑइल खाते. म्हणून बोललो. हौस म्हणून नाही.

आयर्विन_५७

मग "पुरात बुडालेली गाडी" म्हणा, "एमएच-१०" म्हणू नका. मित्रानं मागल्या महिन्यात साताऱ्यातल्या गिऱ्हाइकाला गाडी दाखवली. त्याच्या गाडीनं कधी नदी बघितली नाही, पत्ता मिरजेचा. पासिंग बघूनच तीस हजार पाडून मागितले. हे असं लिहिणाऱ्यांमुळं होतं.

पोवईनाका_११

पंचवीस म्हणाला असता तर दिली असती का? बाजारात घेणारा काहीतरी खोट काढणारच. एमएच-११ घेऊन कोल्हापुरात जा, "घाटातली गाडी, क्लच गेलाय" म्हणतात.

आयर्विन_५७

क्लच चार-आठ हजारात होतो. पुराचा शिक्का जन्मभर पुसत नाही. २०२१ ला परत पाणी आलं तेव्हा तर इथल्या लोकांनी गाड्या आधीच उंचावर नेऊन ठेवल्या होत्या. तुम्ही त्या बातम्या बघितल्या नसणार, तुम्हाला २०१९ चे फोटोच पाठ.

खंबाटकी_बोगदा

सातारकरांना एवढीच भीती आहे तर सेकंड हँड घ्यायचीच कशाला? पुराचा विषय निघालाच आहे तर सांगतो, साध्या विम्यात पाण्यात गाडी चालू करून इंजिन बसलं तर बहुतेक वेळा पैसे मिळत नाहीत. इंजिन प्रोटेक्टचं वेगळं कव्हर घ्यावं लागतं. हे विकताना कुणी सांगत नाही. एजंट फक्त प्रीमियम सांगतो.

पोवईनाका_११

धागा ऑइलचा आहे. विम्याचा नाही, सांगलीच्या अब्रूचा तर नाहीच नाही.

आयर्विन_५७

धाग्यात सीटबेल्ट कुणी आणला?

कास_पठार

मध्ये घुसतो, माफ करा. माझ्या बीएस-६ डिझेलात उलटंच चाललंय, ऑइल वाढतंय! मागच्या आठवड्यापेक्षा पट्टी वर आहे. खूश व्हावं का?

गॅरेजवाला_शेंद्रे

खूश होऊ नका. गाडी गावातल्या गावात फिरते का? डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, साफ करायला गाडी जादा डिझेल सोडते. तुम्ही मध्येच बंद केली की ते काम अर्धवट राहतं आणि थोडं डिझेल चेंबरात उतरतं. ऑइल पातळ होतं. वरच्या खुणेच्या पार गेलं असेल तर ऑइल बदला, आणि मधूनमधून हायवेला अर्धा-पाऊण तास सलग चालवा. ऑइल जाळणाऱ्या गाडीला डीपीएफ असेल तर आणखी वेगळं दुखणं : ऑइलची राख फिल्टरमध्ये बसते आणि ती जळून जात नाही. म्हणजे "ओतत राहा" हा सल्ला नव्या डिझेलला तर अजिबातच नको.

शाहूपुरी_चढ

माझी गाडी सकाळी अर्धी पट्टी दाखवते आणि संध्याकाळी ऑफिसच्या पार्किंगमध्ये फुल्ल. दिवसभरात ऑइल वाढतं की काय?

पोवईनाका_११

तुम्ही शाहूपुरीत नाकाड वर करून लावत असणार. सपाट जागेवर, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबून, पट्टी पुसून परत घालून बघा. साताऱ्यात निम्म्या गाड्यांचं "ऑइल जातंय" हे घरासमोरच्या उतारामुळं आहे.

कृष्णाकाठ

हे मात्र पटलं. म्हणजे तुमची निम्मी थिअरी उतारावर उभी होती.

मस्करी सोडा. गॅरेजवाले, तुमचा विसरण्याच्या खर्चाचा मुद्दा लागला. पण ज्याला पन्नास हजार काढणं शक्य नाही त्याला तुम्ही अजून उत्तर दिलं नाही. तपासणी करा, तपासणी करा. आणि निघालं रिंगांचं तर? गाडी विकून तोच रोग दुसऱ्याच्या गळ्यात घालायचा?

गॅरेजवाला_शेंद्रे

नाही. रिंगा निघाल्या आणि पैसे नसतील तर ओताच, मी पण तेच सांगेन. पण दर पाचशे किलोमीटरला पट्टी, वहीत नोंद, ऑइल लवकर बदलायचं. कार्बननं चिकटलेल्या रिंगा असतील तर प्लगच्या भोकातून क्लीनर सोडून रात्रभर ठेवून कधी कधी सुटतात. सुटतीलच असं नाही. धूर साफ करणारा कॅट कन्व्हर्टर मात्र हळूहळू मरणार, तो पैसाही हिशोबात धरा. आणि विकताना सांगून विका, पाच-दहा हजार कमी येतील.

फक्त आधी ब्रीदरचा पाइप, पीसीव्ही व्हॉल्व असतो तो, काढून बघा. त्याला पन्नास हजार लागत नाहीत, दहा नंबरचा पाना लागतो.

माणदेशी_डिझेल

दहा नंबरचा पाना कुणाकडं असतो? सगळ्यांचा हरवलेलाच असतो.

कृष्णाकाठ

बघितला. पाइपच्या आत काळा चिखल, पीसीव्ही व्हॉल्व हलवला तर खुळखुळ आवाज येत नाही. नवा टाकला. पोवईनाका, एवढ्यावरून नाचू नका, रिंगा गेल्या असतील तर हेही फुकट. फरक पडला तर लिहीन. महिनाभर विचारू नका.

पोवईनाका_११

विचारत नाही. पण परवाच्या पोस्टमधलं "नॉर्मल" तेवढं खोडा.

कृष्णाकाठ

खोडतो. "शेंद्रेवाल्याकडं दाखवा" असं लिहू का? का त्याआधी माझा सीटबेल्ट ओढून बघणार?

आयर्विन_५७

ओढू दे. गावभागातला आहेस, काहीतरी निघेलच.