शहराच्या मधल्या जुन्या भागाच्या पुनर्विकासाला करमाफी द्यावी का?

निळीछत्री
बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून विचारते. शहराचा मधला जुना भाग ओस पडतो, दुकानं बंद, वरच्या मजल्यांच्या काचा फुटलेल्या. मग एखादा मोठा बिल्डर येतो आणि म्हणतो मी इथे सगळं नवीन उभं करतो पण पुढची १५-२० वर्षं मालमत्ता कर माफ करा, नाहीतर मला परवडत नाही. महापालिका म्हणते आत्ता तरी तिथून कुठे काय मिळतंय, सोडला कर तर आपलं काय जातं. ऐकताना पटतं. पण शेजारच्या गल्लीतला छोटा दुकानदार पूर्ण कर भरत राहणार आणि समोरची काचेची बिल्डिंग बिनकराची, हे मला काही केल्या पचत नाही. ज्यांनी यातले हिशेब बघितलेत त्यांनी सांगा, खरंच काही जात नाही का?

हातचाएक
जातं, पण कुणाच्या खिशातून ते चटकन दिसत नाही. अमेरिकेत यासाठी टॅक्स इन्क्रिमेंट फायनान्सिंग नावाची पद्धत सर्रास वापरतात, थोडक्यात टिफ, १९५२ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झाली. समजा एका भागातून वर्षाला १०० कर येतो. तो भाग टिफमध्ये घातला की हा आकडा गोठवतात. पुढे जागांचे भाव वाढून कर १६० झाला तरी याच करातून पैसा मिळणाऱ्या शाळा आणि बाकीच्यांना वाटा जुन्या १०० मधूनच, वरचे ६० त्याच भागातले रस्ते, गटारं, पार्किंग नाहीतर प्रकल्पासाठी काढलेलं कर्ज फेडायला, आणि हे वीस-पंचवीस वर्षं चालतं. आता त्या ६० मधले समजा ३० प्रकल्प झाला नसता तरी नुसत्या भाववाढीने आलेच असते, म्हणजे त्यातला वाटा शाळेच्या हक्काचा होता. वर नवीन घरांत येणाऱ्यांची मुलं त्याच शाळेत जाणार, कचऱ्याची गाडी जाणार, आग लागली तर बंब जाणार, त्याचा खर्च बाकीच्या शहराने भरायचा. कॅलिफोर्नियात शेवटी शेवटी राज्यातल्या एकूण मालमत्ता कराचा साधारण १२ टक्के भाग पुनर्विकास संस्थांकडे वळत होता आणि शाळांची तूट राज्याला भरून द्यावी लागायची. १ फेब्रुवारी २०१२ ला अशा चारशेच्या आसपास संस्था बंदच केल्या.

दगडीजिना
हिशेब मान्य, पण मी जुन्या इमारतींच्या दुरुस्तीच्या कामात आहे त्यामुळे दुसरी बाजू मांडतोच. मोकळ्या माळावर बांधणं वेगळं आणि जुन्या भागात बांधणं वेगळं. एका वाड्याचे दहा मालक, त्यातल्या दोघांची केस कोर्टात, जमिनीखाली कुठली पाइपलाइन कुठून गेलीय ते नकाशात नाही, भिंतीचं प्लॅस्टर काढलं की आतली तुळई वाळवीने पोखरलेली, बोट घातलं तर भुसा हातात येतो. हा खर्च आधी कळत नाही आणि बँका अशा कामाला हात आखडता घेतात. मदत नसेल तर बिल्डर शहराबाहेर जातो, मग तिकडे रस्ता पाणी ड्रेनेज नेतो कोण, लोकांच्याच पैशातून ना? प्रश्न सवलत कशी देता याचा आहे. अमेरिकेच्या केंद्र सरकारची ऐतिहासिक इमारतींसाठीची सवलत बघा, दुरुस्तीच्या पात्र खर्चाच्या २० टक्के, पण इमारत वापरात आल्यावरच, आणि पाच वर्षांच्या आत विकली तर काही भाग परत द्यावा लागतो. आधी काम, मग सवलत.

साधीपाटी
निळीछत्री, "नाहीतर परवडत नाही" हे वाक्य धरून ठेवा, सगळं भांडण तिथेच आहे. टिमोथी बार्टिक या अर्थतज्ज्ञांनी २०१८ मध्ये आधीच्या अभ्यासांचा आढावा घेतला, त्यात सवलतीमुळे निर्णय खरोखर बदलला अशा कंपन्या २ ते २५ टक्क्यांच्या दरम्यान निघाल्या, बाकीच्या तशाही आल्याच असत्या. ते कंपन्या कुठे जातात याबद्दल आहे, जुन्या इमारतींना जसंच्या तसं लावता येणार नाही हे खरं, पण मागणाऱ्याच्या शब्दावर किती विसंबायचं ते तरी कळतं. आणि न्यू लंडन विसरू नका, कनेक्टिकटमधलं. फायझरच्या नव्या संशोधन केंद्राला लागून हॉटेल, ऑफिसं, घरं बांधायची म्हणून लोकांची राहती घरं घेतली, त्यातल्या एक घरमालकीण सुझेट केलो यांची केस सुप्रीम कोर्टापर्यंत गेली, २००५ मध्ये ५ विरुद्ध ४ ने निकाल शहराच्या बाजूने लागला. २००९ मध्ये फायझरने तिथून निघत असल्याचं जाहीर केलं. जिथे घरं होती तिथे कित्येक वर्षं नुसतं गवत आणि भटकी मांजरं. केलोंचं गुलाबी घर तेवढं उचलून दुसरीकडे नेऊन उभं केलं म्हणून वाचलं.

निळीछत्री
ते गवताचं वाचून पोटात कालवलं. दगडीजिना, आधी काम मग सवलत हे एकदम पटलं. पण शाळेचं काय, तिला विचारतं तरी का कुणी?

हातचाएक
बऱ्याच ठिकाणी नाही. पण अमेरिकेत २०१५ मध्ये सरकारी हिशेबांचा एक नियम आला, त्यानुसार करमाफीमुळे किती उत्पन्न सोडलं ते वार्षिक हिशेबात दाखवावं लागतं, आणि माफी दुसऱ्या कुणी दिली असेल पण उत्पन्न शाळेचं घटलं असेल तर शाळेनेही तो आकडा आपल्या हिशेबात लिहायचा. "काय जातं" म्हणणाऱ्यासमोर तेच पान ठेवायचं.