दूरस्थ प्रजनन आरोग्यसेवा आणि पैशांची चणचण : आपले अनुभव लिहावेत

गर्भनिरोधन, गर्भपात वा गरोदरपणातील तपासण्यांसाठी फोनवरून सल्ला घेताना पैशांअभावी काय अडले आणि त्यातून मार्ग कसा निघाला, हे सविस्तर लिहावे. ओळख पटेल असा तपशील टाळावा.

अनुभव : गर्भनिरोधक गोळ्या
सल्ला मोफत होता. मात्र घरातला एकमेव स्मार्टफोन नवऱ्याजवळ असल्याने तो कामावरून परतेपर्यंत थांबावे लागे, आणि मग सगळ्यांच्या देखत काय बोलणार? शिवाय इस्ट्रोजेन हे संप्रेरक (हार्मोन) असलेल्या गोळ्यांपूर्वी रक्तदाब मोजणे आवश्यक होते, म्हणजे पुन्हा रोजगार बुडणार. अखेर डॉक्टरांनी केवळ प्रोजेस्टोजेन हे दुसरे संप्रेरक असलेल्या गोळ्या दिल्या, ज्यांच्यासाठी रक्तदाबाच्या नोंदीवाचून अडत नाही.

अनुभव : गर्भपात
जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार 12 आठवड्यांच्या आत दूरस्थ सल्ल्याने गोळ्या घेता येतात. पण उसनवारी करून पैसे उभे करण्यात माझे दिवस जात होते आणि ही मर्यादा जवळ येत होती. आधी मिफेप्रिस्टोन आणि त्यानंतर एक-दोन दिवसांनी मिसोप्रोस्टॉल ही दोन औषधे घ्यायची, एवढे नीट समजले. अडले ते वेगळ्याच ठिकाणी. सलग दोन तास, दर तासाला दोन मोठे पॅड पूर्ण भिजले तर ताबडतोब रुग्णालय गाठायचे, असे बजावले होते. मी कापड वापरते, तेव्हा हे मोजायचे कसे? विचारल्यावर पलीकडच्या डॉक्टर क्षणभर थांबल्या. त्या दिवसापुरते पॅड विकत आणले आणि रात्री-अपरात्री गाडी करावी लागली तर म्हणून थोडे पैसे बाजूला बांधून ठेवले. गोळ्यांच्या खर्चात हे कोणीच धरत नाही.

अनुभव : इंजेक्शन
त्वचेखाली स्वतः टोचून घेण्याचे गर्भनिरोधक इंजेक्शन मी फोनवरून शिकले. ते तीन महिने पुरते. एकदा हात बसला की फेऱ्या वाचतात. माझ्यापुरती तरी ही सोय खरोखर स्वस्त पडली.

अनुभव : सल्ला देणारी डॉक्टर
बोलणे मध्येच तुटले की बाईला गांभीर्य नाही, असा शेरा मारणारे सहकारी मी पाहिले आहेत; बहुधा रिचार्ज संपलेला असतो, किंवा कोणीतरी खोलीत आलेले असते. म्हणून आम्ही मिस्ड कॉल घेऊन स्वतःच फोन लावतो आणि आधी विचारतो, ‘आत्ता मोकळेपणी बोलता येईल का?’ पोटात एका बाजूला तीव्र दुखणे किंवा भोवळ असेल, तर गर्भ गर्भाशयाबाहेर असण्याची शक्यता धरून तातडीने रुग्णालयात पाठवावेच लागते. तिथे जाण्याची तजवीज कोण करणार, हेही आता आम्ही पहिल्याच संभाषणात ठरवून घेतो.