दोन दिवसांचं कॅम्पिंग: खिंडसी, सिल्लारी की चिखलदरा?

मानेवाडाकर: डिसेंबरातल्या एका शनिवारी नागपूरहून पाच-सहा कुटुंबं पोरांसकट तंबू घेऊन निघणार आहोत. अर्धा ग्रुप चिखलदऱ्यावर अडून बसलाय. माझा साफ विरोध आहे. सव्वादोनशे किलोमीटर जायचं, अंधारात घाट चढायचा, सकाळी चहा पिऊन परत गाडीत बसायचं, हे कशासाठी? खिंडसी, म्हणजे रामटेकजवळचा तलाव, ५० किमीवर, मनसरहून वळलं की आलंच. आपल्याकडे डिसेंबरात साडेपाचच्या सुमारास सूर्य बुडतो. जिथे उजेडात पोचून तंबू ठोकता येतो तीच जागा निवडावी.

तारकांगण: चिखलदऱ्याचं पटलं, खिंडसीचं नाही. शनिवारी तिथे बोटिंगची गर्दी आणि स्पीकर. मग घराच्या गच्चीवरच का झोपू नये? अजून तासाभराच्या आत पवनीहून डावीकडे सिल्लारी, पेंच व्याघ्र प्रकल्पातलं. पेंचला जानेवारी २०२४ मध्ये डार्क स्काय पार्कचा, म्हणजे तारे बघण्यासाठी अंधार जपलेल्या जागेचा, दर्जा मिळाला, भारतात पहिला. आसपासच्या गावांतले रस्त्यावरचे दिवेही त्यासाठी बदलले. अमावास्येजवळचा शनिवार धरा. रात्री आठच्या सुमारास पूर्वेला मृग वर आलेला असतो, त्याच्या वर रोहिणी, अजून वर कृत्तिकांचा झुबका. शहरात वाढलेल्या पोरांनी हे एकदा तरी बघायलाच हवं.

गडमंदिर: तारकांगण ताई, आकाशाबद्दल शंभर टक्के बरोबर. पण सिल्लारीला वाट्टेल तिथे तंबू ठोकता येत नाही, तो व्याघ्र प्रकल्प आहे. राहायची सोय आधी बुक करा, मग तारीख ठरवा.

आणि मानेवाडाकर भाऊ, खिंडसी म्हणजे नेमकं कुठं? काठावर दिसली मोकळी जागा आणि ठोकला तंबू, असं करू नका. मी इकडचाच, शेती आहे आमची. धान निघालं की बांध्या रिकाम्या दिसतात, पण शेजारच्या वावरात हरभरा-गहू असते आणि डुकरांसाठी काही जण धुऱ्याला, म्हणजे वावराच्या बांधाला, तार लावून करंट सोडतात. बेकायदेशीर आहे, तरी सोडतात. बारीक तार, रात्री दिसतच नाही. त्यात दरवर्षी जनावरं मरतात, माणसंही मरतात. पोरगं लघवीला उठलं आणि धुऱ्याकडं गेलं तर? वावराच्या मालकाला भेटा, तार कुठं आहे ते दिवसाच फिरून बघा. काठापासून वरच्या अंगाला मुरमाड जागा बघा; पाण्याजवळ दहिवर इतकं पडते की पहाटे तंबू आतून ओला होते.

हिंगणा टी पॉइंट: म्हणूनच म्हणतो, पोरं सोबत असताना कुंपण आणि चौकीदार असलेलं पैशाचं कॅम्पसाइटच घ्या. संडास स्वच्छ, रात्री कुणीतरी जागं. बोर व्याघ्र प्रकल्पाकडेही बघा, तेही लांब नाही.

मानेवाडाकर: करंटचं डोक्यातच नव्हतं. गडमंदिर भाऊ, मनापासून आभार. मालकाला विचारल्याशिवाय तंबू लागणार नाही. पण हिंगणावाल्या दादांशी सहमत नाही. पलंग, गिझर, बुफे, त्याला वर कापड लावलं म्हणून ते कॅम्पिंग होत नाही. गोवऱ्यांवर रोडगे भाजायचे, वांग्याची भाजी पातेलंभर, पोरांनी राख झटकून तुपात बुडवून खायचे, त्यासाठी चाललोय आम्ही. तुमच्या कॅम्पसाइटवर विस्तव पेटवू देतील?

तारकांगण: सिल्लारीला तो नादच नको. राखीव जंगलात विस्तव पेटवणं १९२७ च्या वन कायद्याने गुन्हा आहे, आणि पानगळीत सागाची पानं कशी पेटतात ते बघितलं असेलच. रोडगे हवेत तर खिंडसीला जा, आकाश हवं तर इकडे या. एका रात्रीत दोन्ही मिळणार नाही.

मानेवाडाकर: मग यावेळी रोडगे. रविवारी जेवण आटोपलं की घरी.

गडमंदिर: गोवऱ्या नागपूरहून आणू नका, इकडं मिळतात. निघताना विस्तवावर पाणी ओता, नुसती माती टाकून जाऊ नका.