रिसीव्हरच्या जोडीला वेगळा पॉवर अ‍ॅम्प घ्यावा का? (८६ डीबीचे स्पीकर, १२ बाय १६ची खोली)

षड्ज:
होम थिएटर जुळवताना बहुतेक जण आधी रिसीव्हरच्या (सगळे स्पीकर चालवणाऱ्या मुख्य यंत्राच्या) खोक्यावरचे वॉट बघतात आणि स्पीकरच्या मागची पट्टी सगळ्यात शेवटी. हा क्रम उलटा हवा. माझं मत स्पष्ट आहे: घरातल्या दिवाणखान्यात बरा रिसीव्हर एकटा पुरतो. पॉवर अ‍ॅम्पचे (स्पीकरला फक्त ताकद पुरवणाऱ्या वेगळ्या यंत्राचे) पैसे चांगल्या सबवूफरवर, म्हणजे खोल सूर वाजवणाऱ्या 'सब'वर घाला. हिशोब मांडतो, चुकत असेल तर खोडून काढा.

बसायची जागा स्पीकरपासून ३ मीटर. स्पीकर ८६ डीबीचा, म्हणजे २.८३ व्होल्ट दिले की १ मीटरवर ८६ डीबी. भिंतींवरून परतणारा आवाज धरून ३ मीटरवर साधारण ७९ उरतात. माइक लावून कॅलिब्रेशन (स्पीकरांच्या आवाजाची जुळवणी) केलं की व्हॉल्यूम ० वर असताना प्रत्येक स्पीकरकडून १०५ डीबीचे पीक (क्षणभराचे सर्वात मोठे आवाज) यावेत अशी मांडणी असते. घरात −१० हाच भरपूर मोठा आवाज, म्हणजे ९५ डीबी. ७९वरून ९५ म्हणजे १६ डीबी, त्याला लागतात सुमारे १८ व्होल्ट. डेनन एक्स३८००एचसारखा ८ ओहमला १०५ वॉटचा रिसीव्हर २९ व्होल्टपर्यंत जातो. वर ४ डीबी शिल्लकच राहतात. शिवाय स्पीकर 'स्मॉल' ठेवून क्रॉसओव्हर (जिच्या खालचे सूर सबकडे वळतात ती सीमा) ८० हर्ट्झवर लावला की खालचा सगळा भार सबवर जातो.

गंधार:
व्होल्टचा हिशोब बरोबर, पण करंट कुठे गेला? पट्टीवर ४ ओहम लिहिलं असेल तर २.८३ व्होल्टला १ नाही, २ वॉट जातात. म्हणजे ८६ डीबीचा तो स्पीकर वॉटमागे खरा ८३चाच. तुमच्या १८ व्होल्टला ८ ओहमवर ४० वॉट, ४ ओहमवर ८०.

आणि ४ ओहम हा ढोबळ आकडा आहे. इम्पिडन्सचा (ओहममधला विरोध, जो फ्रिक्वेन्सीगणिक बदलतो) आलेख पाहिलात तर असे बरेच स्पीकर १०० ते २०० हर्ट्झच्या पट्ट्यात ३.२ ओहमच्या आसपास उतरतात. तिथे पुरुषी आवाजाचा भरदारपणा आणि ढोलाची थाप असते. हा पट्टा ८०च्या वर आहे, सब इथे काहीच मदत करत नाही. १८ व्होल्टचा पीक २५ व्होल्ट, भागिले ३.२, म्हणजे जवळपास ८ अँपिअर. पुढचे तीन स्पीकर एकदम वाजले तर २४, आणि हे सगळं एकाच ट्रान्सफॉर्मरवर. रूम करेक्शनने (खोलीप्रमाणे आवाज सुधारणाऱ्या सोयीने) एखादी फ्रिक्वेन्सी ६ डीबी उचलली की तिथली पॉवर चौपट. तुमचे शिल्लक ४ डीबी तिथेच संपले.

बिघाड नेहमी प्रोटेक्शन पडून, म्हणजे रिसीव्हर स्वतःहून बंद होऊनच कळतो असं नाही. आधी मोठ्या प्रसंगात संवाद कडक, चिरके होतात आणि लोक सेंटर स्पीकरला दोष देतात.

निषाद:
दोघांच्या हिशोबात 'कुठले वॉट' हा प्रश्न राहिला. '१६५ वॉट, ६ ओहम, १ किलोहर्ट्झ, एक चॅनेल' आणि '९५ वॉट, ८ ओहम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, दोन चॅनेल' यांतला दुसरा आकडा लहान दिसतो, पण भरवशाचा तोच. पहिल्यात एकच चॅनेल एकाच सुरावर ताणलेला असतो. डिस्टॉर्शन (आवाजाची विकृती) १० टक्के धरलं असेल तर तो आकडा सोडूनच द्या.

खर्ज:
४ ओहमचे स्पीकर असतील तर रिसीव्हरच्या मेनूत इम्पिडन्स ४ करायचा, मॅन्युअलमध्ये तसंच लिहिलेलं असतं.

षड्ज:
@खर्ज, ते सेटिंग करंट वाढवत नाही. ते आतल्या सप्लायचे व्होल्ट कमी करतं, म्हणजे यंत्र कमी तापतं आणि पॉवरही घटते. मी ते ८वरच ठेवा म्हणेन आणि वर १५ सेंटिमीटर मोकळी जागा सोडा. टीव्ही युनिटच्या बंद कप्प्यात रिसीव्हर कोंडणं सगळ्यात वाईट.

खर्ज:
मोकळ्या जागेचं मान्य. पण वॉरंटीत असलेल्या यंत्रावर मॅन्युअलच्या उलट जायला मी कोणालाही सांगणार नाही. पॉवर घटून अडचण येत असेल, तर हा रिसीव्हर त्या स्पीकरचा नव्हे, एवढाच त्याचा अर्थ.

गंधार:
अगदी हेच म्हणतोय. फक्त अ‍ॅम्प दोन नको, तीन चॅनेलचा घ्या. सिनेमात सगळ्यात जास्त काम सेंटरला असतं, आणि लोक नेमका तोच रिसीव्हरवर ठेवून डावा-उजवा बाहेर काढतात. त्यासाठी रिसीव्हरला प्री-आउट (बाहेरच्या यंत्राला सिग्नल देणारे सॉकेट) हवेत. स्वस्त रिसीव्हरला फक्त सबचा प्री-आउट असतो, तेव्हा विकत घेण्याआधी मागचं पॅनेल बघा.

अ‍ॅम्पचा गेन (सिग्नल किती पट वाढवतो ते) २९ डीबी असेल तर ३२ व्होल्टसाठी प्री-आउटवर १.१ व्होल्ट पुरतात, हे बहुतेक रिसीव्हर स्वच्छ देतात. जोडल्यावर कॅलिब्रेशन पुन्हा करा, कारण गेन बदलला की पुढच्या आणि मागच्या स्पीकरचा तोल बिघडतो. एक्स३८००एचमध्ये त्या चॅनेलचा आतला अ‍ॅम्प मेनूतून बंद करता येतो, तोही करा.

निषाद:
आणि अ‍ॅम्प जोडताच घुंऽऽ असा आवाज आला तर प्लगची अर्थ पिन काढू नका, जिवाशी खेळ आहे. आधी सेट-टॉप बॉक्सची केबल उपसून बघा. आवाज गेला तर दोष त्या केबलच्या शील्डमधून येणाऱ्या अर्थिंगचा. तिथे आयसोलेटर (ती अर्थिंगची जोडणी तोडणारा जोड) बसवा आणि सगळी यंत्रं एकाच पॉइंटवर घ्या.

षड्ज:
४ ओहम आणि इम्पिडन्सचा मधला खड्डा, दोन्ही एकत्र असतील तर गंधारचं म्हणणं मला पटतं. ८ ओहम, ९० डीबीच्या स्पीकरला मात्र −१०वर १२ डीबीच लागतात, म्हणजे १६ वॉट. तिथे वेगळा अ‍ॅम्प घेणं पैसे वाया घालवणंच आहे.

गंधार:
९० डीबीसाठी मान्य. फक्त तो आकडा मोजलेला आहे की नुसता छापलेला, ते तपासून घ्या. कंपनीचा आणि स्वतंत्र मोजणीचा आकडा यांत २-३ डीबीचा फरक निघतो, आणि ३ डीबी म्हणजे दुप्पट पॉवर.

खर्ज:
वायरचं कोणीच बोललं नाही. १० मीटरवरच्या ४ ओहमच्या स्पीकरला १ चौरस मिलिमीटरची वायर टाकली तर जाऊन-येऊन ०.३४ ओहम वायरच खाते. २.५ची टाकली तर ०.१४. तांब्याचीच घ्या, तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची नको. भिंतीत गाडायच्या आधी टोक खरवडून बघा, आत पांढरं दिसलं तर परत करा.