चालता पीसी नव्या कॅबिनेटमध्ये हलवायचा की नाही?

अल्बमताई (डोंबिवली)

लग्नाचे अल्बम डिझाइन करणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. पीसी २०२० च्या सुरुवातीला जुळवून घेतला: रायझन ५ ३६०० प्रोसेसर, बी४५० चा मायक्रो एटीएक्स (लहान मापाचा) मदरबोर्ड, जीटीएक्स १६६० सुपर ग्राफिक्स कार्ड. कॅबिनेट दुकानदाराने सुचवलं तेच घेतलं. समोर अख्खी काळी काच, तिच्यामागे तीन रंगीत पंखे. काचेच्या दोन्ही कडांना जेमतेम बोटभर फट, आणि हवा आत यायची ती तेवढ्यातूनच.

मे महिन्यात एक्सपोर्टला लावलं की प्रोसेसर ९० च्या वर जायचा. ३६०० ची मर्यादाच ९५ अंश. ग्राफिक्स कार्डाचा पंखा स्वयंपाकघरात ऐकू यायचा. आधी वाटलं प्रोसेसर आणि त्याच्यावरच्या कूलरमधली, उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळली असेल. मग एका संध्याकाळी तेच एक्सपोर्ट चालू असताना समोरची काच फक्त काढून बाजूला ठेवली. दहा मिनिटांत तापमान ११ अंशांनी उतरलं. खोली तीच, पंखे तेच, काम तेच. मग दोष प्रोसेसरचा कसा म्हणायचा? त्या खोक्याचं तोंडच बांधलेलं होतं.

लॅमिंग्टन रोडवरून समोर जाळी असलेलं साधं कॅबिनेट आणलं, साडेचार हजाराचं. रविवारी सकाळी बसले, दुपारी चहाच्या वेळेला पीसी चालू. आता तेच काम ७६-७७ वर होतं.

माझं मत सांगते: कॅबिनेट बदलणं ही हौस नाही, ज्याचं पोट पीसीवर आहे त्याची ती गरज असू शकते. आणि हे काम घरी, स्वतःच्या हाताने होतं. दुकानात पाठवायची गरज नाही. तुम्हाला काय वाटतं?

पाना_पेचकस (अकोला)

ताई, निदान पटलं. काच काढून बघणं ही योग्य परीक्षा आहे, मीही गिऱ्हाइकाला तेच सांगतो. पण "घरी होतं" हे सरसकट सांगू नका, हात जोडून विनंती. एकोणीस वर्षं दुरुस्तीचं दुकान चालवतोय. सोमवारी सकाळी शटर उघडलं की रविवारी "शिफ्ट" केलेली मशीन दारात उभी असतात.

मागच्या हिवाळ्यात एक इंजिनिअरिंगचा पोरगा आला. त्याने प्रोसेसरवरचा कूलर सरळ वर ओढला. वाळलेल्या पेस्टने प्रोसेसर धरून ठेवलेला, तो सॉकेटचा खटका बंद असतानाच उपटून वर आला. एएम४ सॉकेटमध्ये बसणाऱ्या प्रोसेसरला (ताईंचा रायझनही त्यातलाच) खाली १३३१ पिना असतात, केसाएवढ्या. कोपऱ्यातल्या बारा-पंधरा आडव्या झाल्या होत्या. भिंगाखाली, मेकॅनिकल पेन्सिलच्या रिकाम्या टोकात एकेक पिन घेऊन मी दीड तास सरळ करत बसलो. एक तुटलीच. पोरगा समोर स्टुलावर बसून बघत होता, एक शब्द बोलला नाही. घरी काय सांगायचं, हाच विचार चालला असणार.

दुसरं, जाळी म्हणजे रामबाण नव्हे. आमच्याकडे मे महिन्यात बाहेर ४५. खोलीच ३८ ला असेल तर जाळीतून येणारी हवाही ३८ चीच. घरोघरी वाळ्याचे कूलर असतात, त्यांची ओलसर हवा जाळीतून थेट बोर्डावर. वर आमची काळी धूळ. बंद तोंडाच्या कॅबिनेटमध्ये निदान ती कमी जाते. चालत्या मशीनला हात लावू नये, हे मी अनुभवाने म्हणतो. साफसफाई करा, पेस्ट बदलून घ्या, समोरची काच काढून ठेवा. खर्च तीनशे-चारशे.

अल्बमताई

दादा, पिनांचं वाचून पोटात गोळा आला. पण मी कूलर काढलाच नाही! प्रोसेसरबरोबर आलेला बुटका कूलर आहे. बोर्डाचे स्क्रू सोडले आणि बोर्ड, प्रोसेसर, कूलर, रॅम सगळं एकत्र, ताट उचलावं तसं उचललं. नुसतं खोकं बदलताना कूलरला हात लावायचा कशाला? ज्यांचा उंच, टॉवर कूलर बोर्डाचा स्क्रू झाकतो त्यांना काढावा लागेल. त्यांनी मशीन आधी थोडा वेळ कामाला लावून पेस्ट मऊ करावी, वीज बंद करावी, कूलर हलके डावी-उजवीकडे फिरवावा आणि सुटला की मगच वर घ्यावा. एवढं सांगितलं असतं तर त्या मुलाची ती पिन वाचली असती. म्हणूनच हे लिहून ठेवायला हवं. "हात लावू नका" म्हटल्याने लोक थांबत नाहीत, चुकीचा हात लावतात.

मला भीती वाटली ती स्टँडऑफची, म्हणजे बोर्ड पत्र्यापासून वर धरणाऱ्या छोट्या खुंट्यांची. नव्या कॅबिनेटच्या पत्र्यावर पितळी स्टँडऑफ आधीच ठोकून आलेले, मोठ्या एटीएक्स बोर्डाच्या हिशेबाने. माझा बोर्ड त्याहून लहान. बोर्डाला भोक नाही तिथे खाली स्टँडऑफ राहिला तर तो बोर्डामागच्या सोल्डरच्या टाक्यांना टेकून शॉर्ट होणार. अल्बमच्या पानांमधला बटर पेपर घरात होताच. तो बोर्डावर धरून भोकं पेन्सिलीने उतरवली, मग कागद नव्या पत्र्यावर ठेवला. दोन स्टँडऑफ भोकांबाहेर निघाले, ते पकडीने काढले. तो कागद अजून कॅबिनेटच्या मागच्या झाकणात ठेवलाय, पुढे उपयोगी पडेल.

जुना_टॉवर (ठाणे)

माझा विरोध वेगळ्या कारणासाठी. चांगलं कॅबिनेट फेकून नवं आणायचंच कशाला? एटीएक्स हे माप इंटेलने १९९५ साली ठरवलं, बोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटर, आणि स्क्रूच्या जागा आजही त्याच. माझं कॅबिनेट २००९ चं. आत तिसरा बोर्ड बसलाय. पत्रा इतका जाड की टिचकी मारली तर बद्द आवाज येतो, हल्लीच्यांसारखा पातेल्याचा नाही. समोरचं प्लास्टिक कापलं, हार्डवेअरच्या दुकानातून बारीक जाळी आणली, आतून चिकटवली. दोनशे रुपये.

शिवाय बहुतेक नव्या कॅबिनेटमध्ये डीव्हीडी ड्राइव्हची जागाच नसते. ताई, तुमच्या धंद्यात जुनी गिऱ्हाइकं अजून डीव्हीडी घेऊन येत असतील. काय करता?

अल्बमताई

येतात, सर. यूएसबीवर चालणारा बाहेरचा ड्राइव्ह घेतलाय, तो ड्रॉवरमध्ये असतो. हे मात्र खरं की हा खर्च मी धरलाच नव्हता.

मायाजाल (पुणे)

जुना_टॉवर, माप तेच असलं तरी आत बसणाऱ्या वस्तू तेवढ्याच राहिलेल्या नाहीत. आजचं मोठं ग्राफिक्स कार्ड ३०० मिलिमीटरच्या पुढे जातं, जुन्या टॉवरमध्ये ते हार्ड डिस्कच्या पिंजऱ्याला आडवं येतं. टॉवर कूलर १५५-१६० मिलिमीटर उंच, जुन्या अरुंद कॅबिनेटचं झाकणच लागत नाही. मी झाकण न लावता वर्ष काढलं आणि मग नवं घेतलं.

आणि ज्यांच्याकडे ऑफिसातून निघालेला ब्रँडेड पीसी आहे त्यांनी नवं कॅबिनेट घेण्याआधी आत डोकावून बघा. पुष्कळांत पॉवर बटणाचा कनेक्टर वेगळा, एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) वेगळ्या आकाराचा, बोर्डाची भोकं भलतीकडे. ते बाजारातल्या कॅबिनेटमध्ये बसत नाहीत.

सिल्कबोर्डचा_मराठी (बेंगळुरू)

मी अकोल्याच्या दादांच्या बाजूने. स्वतःच्या चुकीवरून सांगतो.

कॅबिनेट बदलायला बसलो, तर म्हटलं आता एसएमपीएसही नवा घालू. जुना मॉड्युलर होता, म्हणजे वायरी सुट्या काढता-लावता येणारा, नवाही मॉड्युलर. जुन्या वायरी पत्र्यामागून नीट बांधून काढलेल्या होत्या, त्याच ठेवल्या आणि नव्या एसएमपीएसला लावल्या. खोचल्या गेल्या अगदी सहज. चालू केलं. पंखे फिरले, स्क्रीन आला, पण दोन्ही हार्ड डिस्क दिसेनात. जळक्याचा बारीक वास आला तेव्हा कळलं.

हार्ड डिस्ककडचं टोक सगळीकडे एकसारखं असतं, पण एसएमपीएसकडच्या टोकाला कुठलंच प्रमाण नाही. कुठल्या पिनवर ५ व्होल्ट आणि कुठल्या पिनवर १२, हे प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही फरक असू शकतो. माझ्या डिस्कांच्या ५ व्होल्टच्या वाटेवर १२ व्होल्ट गेले. बाबांच्या साठीचे फोटो दोन्हींवर होते, एक मूळ आणि एक कॉपी. दोन्ही एकाच डब्यात ठेवलेली कॉपी ही कॉपी नव्हेच, हे त्या दिवशी समजलं. बाबा आता नाहीत.

ताईंनी केलं ते निगुतीने केलं. पण धागा वाचून रविवारी पेचकस हातात घेणाऱ्या प्रत्येकाकडे तेवढी निगुती असेलच असं नाही. ज्याने हे काम आधी केलंय त्याला शेजारी बसवा. आणि डेटा आदल्या रात्री पीसीच्या बाहेर काढून ठेवा.

कुडाळकर

वाईट वाटलं, भाऊ.

"झाकण किंवा काच काढून ठेवा" या सल्ल्याबद्दल मात्र बोलतो. कोकणात तो चालत नाही. एक पावसाळा बाजूचं झाकण काढून चालवलं. श्रावणात रॅम काढली तर सोनेरी पट्ट्यांवर हिरवट डाग, आणि एसएमपीएसच्या पंख्यात पाल मरून पडलेली. उघडं ठेवणं हा काही उपाय नाही. जाळी हवी, आणि जाळीमागे धुता येणारा फिल्टर हवा. आत ओढणारे पंखे बाहेर फेकणाऱ्यांपेक्षा एखादा जास्त ठेवा, म्हणजे हवा फिल्टरमधूनच येते, फटींतून धूळ ओढली जात नाही.

तारमार्ग (सातारा)

मी पेशाने वायरमन. तीन घरांत मला हेच ऐकायला मिळालं: "कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, म्हणून नवं कॅबिनेट घेतोय." नव्यालाही येणार! दोष कॅबिनेटचा नाहीच. एसएमपीएसमध्ये वीज गाळणारे छोटे कपॅसिटर असतात, ते फेज आणि न्यूट्रल दोन्हींकडून बॉडीला जोडलेले. अर्थिंग असेल तर ती गळती जमिनीत जाते. नसेल तर पत्र्यावर निम्मा दाब, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास, उभा राहतो. करंट अगदी बारीक असतो, म्हणून झटका न बसता झिणझिण्या येतात. जुन्या वाड्यांत तिसऱ्या भोकात वायरच नसते, किंवा लोक दोन पिनांच्या एक्स्टेंशनवर पीसी चालवतात. आधी अर्थिंग तपासा.

काम करताना अंगावरची स्थिर वीज उतरवायला "प्लग लावून ठेवा, बटण बंद करा आणि एसएमपीएसच्या पत्र्याला हात लावा" असं सांगतात. तेही अर्थिंग असेल तरच कामाचं. आणि बटण न्यूट्रलवर बसवलेलं असेल तर ते बंद करूनही आत फेज पोचतेच. माझ्या मते प्लग काढूनच काम करा आणि अधूनमधून कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावत राहा, म्हणजे तुम्ही आणि कॅबिनेट एका पातळीवर राहता.

पाना_पेचकस

तारमार्गांचं सोळा आणे खरं. अर्थिंग नाही म्हणून एसएमपीएस बदललेले लोक मी पाहिलेत, पैसे मीच घेतलेत. आता आधी भिंतीवरच्या बोर्डाचं सॉकेट तपासायला सांगतो.

ताई, तुम्ही कूलर न काढता उचललात हे चांगलं केलंत, त्याबद्दल माझं बोलणं मागे घेतो. पण मत तेच आहे. समोरच्या यूएसबी ३ चा तो जाड, चौकोनी कनेक्टर. एकोणीस पिना, बसतो घट्ट, आणि तिरका दाबला की बोर्डावरच्या पिना आत मोडतात. असे बोर्ड मी महिन्याला एखादा बघतो. तुमच्यासारखं कागद धरून भोकं उतरवणारं गिऱ्हाईक मला आजवर एकही भेटलेलं नाही.

एक विचारतो, त्या जाळीचा फिल्टर किती दिवसांनी धुता?

अल्बमताई

तो यूएसबीचा मलाही कठीण गेला, दादा. बोर्ड आत बसवण्याआधी लावायला हवा होता, बाहेरून सरळ दिसतो. आत बसवल्यावर मोबाइलचा उजेड तोंडात धरून लावला.

फिल्टर दर पंधरा दिवसांनी. आमच्या इमारतीसमोर रस्त्याचं काम चालू आहे. काल धुतला तर बादलीच्या तळाशी गव्हाच्या पिठासारखा करडा थर बसला. धुण्याआधी ८१ दाखवत होता, सुकवून लावल्यावर पुन्हा ७७.

पाना_पेचकस

म्हणजे पंधरा दिवसांत चार अंश. सहा महिने धुतला नाही तर काचेच्या खोक्यासारखीच गत होईल, आणि माझ्याकडे येणारे बहुतेक लोक सहा महिने सोडा, दोन वर्षं धुत नाहीत. पुढच्या मे महिन्यात याच धाग्यावर पुन्हा आकडे टाका ताई, त्याच एक्सपोर्टचे. मी इकडचे टाकतो, काच काढलेल्या एका मशीनचे आणि जाळीच्या एका.

अल्बमताई

टाकते. खोलीचं तापमानही लिहून ठेवते, तुम्हीही लिहा.